कमी बजेटमध्ये आपल्या कामाचा लॅपटॉप कसा निवडावा?



वर्षातून दोनदा एक प्रश्न हमखास कानावर येतो. एकदा दहावी-बारावीच्या निकालानंतर आणि एकदा दसरा-दिवाळीच्या सेलच्या तोंडावर. "मॅडम, पस्तीस-चाळीस हजारात चांगला लॅपटॉप कोणता?" विचारणाऱ्याला एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या लॅपटॉपचे पाच-सहा प्रकार बाजारात असतात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. त्यातला एक पाच वर्षं बिनतक्रार चालतो आणि दुसरा वर्षभरात डोकेदुखी होतो.

रक्कमही काही लहान नाही. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला १६ हजार मानधन मिळतं. म्हणजे चाळीस हजारांचा लॅपटॉप ही त्याची अडीच महिन्यांची कमाई झाली. आणि मुलाला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला म्हणून डेअरीच्या दुधाच्या पगारातून पैसे बाजूला काढणाऱ्या पालकाला दुसरा लॅपटॉप घ्यायची संधी इतक्यात मिळणार नसते. म्हणून या लेखात कंपन्यांची यादी दिलेली नाही. दुकानात उभं राहून स्वतःला ठरवता यावं, एवढी माहिती दिली आहे.

माझ्या मते एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं सोपं होतं. लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता किंवा वाढवता येतात. काही गोष्टी मात्र पहिल्या दिवशी जशा घेतल्या तशाच शेवटपर्यंत राहतात. प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्डची ठेवण, बिजागरी आणि पुष्कळ वेळा रॅमसुद्धा या दुसऱ्या प्रकारात येतात. माऊस, बॅग, साठवणुकीची जागा, ऑफिससारखी सॉफ्टवेअर्स या गोष्टी नंतर घेता येतात. बजेट कमी असेल तेव्हा पैसा दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे न बदलणाऱ्या गोष्टींवर लावायचा. दुकानात नेमकं उलटं घडतं. बॅग फ्री, माऊस फ्री, एक टीबीची हार्डडिस्क असं मोठ्या आवाजात सांगितलं जातं आणि रॅम चिकटवलेली आहे की काढता येते, हे कुणी सांगतच नाही.

आधी काम लिहून काढा

दुकानात जाण्याआधी एक आठवडा वहीचं एक पान ठेवा. आपण कॉम्प्युटरवर (किंवा सध्या मोबाईलवर, शाळेतल्या पीसीवर, सायबर कॅफेत) नेमकं काय काय करतो, ते लिहा. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचं पान साधारण असं भरेल : यू-डायस प्लस आणि सरलवर विद्यार्थ्यांची माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, आकारिक-संकलितचे गुण एक्सेलमध्ये, प्रश्नपत्रिका मराठीत टाईप करणे, दीक्षावरचे व्हिडिओ वर्गात दाखवणे, अधूनमधून ऑनलाईन प्रशिक्षण, वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ.

या पानाकडे नीट पाहिलं तर कळेल, यात एकही काम फार 'भारी' नाही. पण ही कामं एकाच वेळी चालू असतात. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब, मागे एक्सेल, एक पीडीएफ आणि वर मीटिंगची लिंक. आपला लॅपटॉप अडतो तो या गर्दीमुळे.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाचं पान वेगळं असेल. कॉम्प्युटरच्या शाखेला प्रोग्रॅमिंग आणि मेकॅनिकल-सिव्हिलला ऑटोकॅडसारखं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. इथे १६ जीबी रॅमपर्यंत जाता येईल असाच लॅपटॉप बघावा आणि शक्य असेल तर पहिलं सत्र सुरू झाल्यावर, वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून घ्यावा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला मात्र व्हिडिओ आणि पीडीएफ यापलीकडे काही लागत नाही. त्याने प्रोसेसरपेक्षा स्क्रीन चांगली बघावी, कारण रोज सहा-आठ तास त्या स्क्रीनकडेच बघायचंय.

आणि पाचवी-सहावीच्या मुलासाठी स्वतंत्र लॅपटॉप? माझं स्पष्ट मत, नको. घरात एक असेल तो सगळ्यांनी वापरावा. शिष्यवृत्ती किंवा नवोदयच्या तयारीला लॅपटॉप लागत नाही, सराव लागतो.

रॅम : टेबल आणि कपाट

मुलांना समजावताना मी हे उदाहरण घेते. स्टाफरूममध्ये तुमचं एक टेबल आहे आणि एक कपाट आहे. काम करताना जेवढे कागद समोर पसरता येतात ते टेबल, म्हणजे रॅम. काम झाल्यावर वर्षानुवर्षं कागद ठेवायचे ते कपाट, म्हणजे हार्डडिस्क किंवा एसएसडी. काम करणारा माणूस म्हणजे प्रोसेसर. माणूस कितीही हुशार असला तरी टेबल वहीएवढं असेल, तर त्याचा अर्धा वेळ कपाटाकडे ये-जा करण्यातच जातो. लॅपटॉप 'हँग होतोय' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हेच चाललेलं असतं. रॅम भरली की लॅपटॉप तात्पुरतं सामान डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो.

नुसतं विंडोज सुरू झालं की तीनेक जीबी रॅम त्यातच जाते. त्यामुळे ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये आपल्या कामाला जागाच उरत नाही. आज ८ जीबीच्या खाली जाऊ नये. किंमत दोन-चार हजारांनी कमी असली तरी नाही.

पण आकडा बघून थांबू नका, पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ही रॅम काढता-घालता येते का? काही लॅपटॉपमध्ये रॅमची छोटी पट्टी खाचेत बसवलेली असते. ती काढून मोठी बसवता येते, किंवा शेजारची रिकामी खाच भरता येते. पातळ आणि स्वस्त मॉडेल्समध्ये मात्र रॅमच्या चिप मदरबोर्डवर कायमच्या चिकटवलेल्या असतात. तिथे ८ म्हणजे आठच, जन्मभर. तिसरा प्रकार मधला : ८ जीबी चिकटवलेली आणि एक खाच रिकामी. माझ्या दृष्टीने कमी बजेटला हा प्रकार फार सोयीचा. आज आठवर काम भागतं, आणि दोन वर्षांनी हात सैल झाला की आणखी आठची पट्टी घालता येते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले असल्याने आजच १६ घेण्याचा आग्रह परवडेलच असं नाही. त्यामुळे रिकाम्या खाचेची किंमत आणखी वाढली.

हे दुकानातच तपासता येतं. डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं की किती खाचा आहेत आणि किती वापरल्या आहेत ते दिसतं. तिथेच 'फॉर्म फॅक्टर' पुढे 'सोडिम' असेल तर पट्टी काढता येते, 'रो ऑफ चिप्स' असेल तर चिकटवलेली आहे. दुकानदार "होईल की मॅडम वाढवून" असं म्हणाला तरी ही खिडकी बघायचीच. रॅम वाढवायची वेळ आली की वॉरंटीच्या काळात ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या, गल्लीतल्या दुकानात उघडू नका.

कपाटाबद्दल थोडक्यात. जुनी फिरती हार्डडिस्क असलेला लॅपटॉप आता घेऊ नये, मग ती १ टीबीची का असेना. साधी एसएसडीसुद्धा तिच्यापेक्षा चार-पाच पट वेगाने वाचते. फरक पहिल्या दिवशीच कळतो : बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, तो आता ओतूनही होत नाही. २५६ जीबीवर शिक्षकाचं काम चालतं, ५१२ असेल तर उत्तम. फोटो-व्हिडिओसाठी बाहेरची डिस्क नंतर घेता येते. एका शब्दापासून मात्र सावध राहा : 'ईएमएमसी'. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ही चिप असते. ती एसएसडीपेक्षा संथ असते आणि बोर्डवर चिकटवलेली असल्याने बदलताही येत नाही. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगते, मग ६४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये तुमच्या फाईल्सना काय उरणार?

प्रोसेसरच्या आकड्यांची भाषा

इथे सर्वात जास्त फसगत होते. "आय७ आहे मॅडम, आय३ कशाला घेताय?" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आय३, आय५, आय७ या इयत्ता आहेत, पण कोणत्या सालच्या इयत्ता ते बघावं लागतं. ते साल पुढच्या आकड्यात लपलेलं असतं. 'आय७-४६००यू' यातला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. त्यात काम करणारे कोअर फक्त २. 'आय३-१२१५यू' यातले पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. त्यात ६ कोअर आहेत. हा आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो, वीजही बेताची खातो आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालवतो, जे त्या आय७ वर चालत नाही. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपवर 'आय' अक्षर गेलंय, नुसतं 'कोअर ३', 'कोअर ५' लिहिलेलं असतं. ते बघून गोंधळू नका.

'एन' ने सुरू होणारे आकडे, जसे एन४०२०, एन४५००, हे सेलेरॉन. दोन कोअरचे आणि अगदी हलक्या कामाचे. एकच टॅब उघडून व्हिडिओ बघायचा असेल तर चालतील, पण वर लिहिलेल्या आपल्या पानाला ते पुरणार नाहीत. एन१०० त्याच घराण्यातला, चार कोअरचा. तो बराच बरा आहे आणि बजेट अगदीच ताणलेलं असेल तर विचार करता येईल. आणि आय३-एन३०५ नावाचाही एक आहे. नावात आय३ असलं तरी तो या घराण्यातला. आठ कोअर आहेत, पण सगळे वीज वाचवणारे छोटे कोअर. वाईट नाही, फक्त आय३-१२१५यू वेगळा आणि हा वेगळा, एवढं माहीत असू द्या.

एएमडीच्या रायझनमध्ये गंमत आणखी आहे. रायझन ५-७५२०यू आणि रायझन ५-७५३०यू. लिहिताना एका आकड्याचा फरक, दुकानात दोन्हीला 'रायझन ५, सात हजार सिरीज' म्हणतात. पण या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेचा असतो. २ म्हणजे झेन-२, जी रचना २०१९ ची. ३ म्हणजे झेन-३, त्यानंतरची. ७५२०यू मध्ये कोअर ४, ७५३०यू मध्ये ६. शिवाय ७३२०यू आणि ७५२०यू या दोघांबरोबर येणारी रॅम चिकटवलेल्या जातीचीच असते. म्हणजे ८ जीबीचा घेतला की आठच. एवढंच काय, जुना रायझन ५-५५००यू हा आकड्याने लहान असूनही सहा कोअरचा आहे. किंमत जवळपास सारखी असेल तर मी ७५२०यू सोडून ७५३०यू घेईन, आणि तो नसेल तर आय३-१२१५यू ज्याच्यात रॅमची खाच आहे असा.

म्हणून लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, म्हणजे शेवटची सगळी अक्षरं-आकड्यांची शेपटी, आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर कागदावर लिहून घ्या. घरी येऊन कंपनीच्या संकेतस्थळावर तोच नंबर टाकून बघा. 'आय३, आठ जीबी, एसएसडी' एवढ्या माहितीवर पैसे देऊ नका.

वेगळं ग्राफिक्स कार्ड? शिक्षकाला लागत नाही. व्हिडिओ जोडून त्यावर मराठी शीर्षक टाकण्याएवढं एडिटिंग प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर होतं. कमी बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड मिळत असेल तर दुसरीकडे कुठेतरी काटकसर केलेली असते, ती शोधा.

स्क्रीन आणि कीबोर्ड

स्क्रीन नंतर बदलत नाही आणि खर्च वाचवायला कंपन्यांना ती सर्वात सोयीची जागा असते. १३६६ बाय ७६८ आणि १९२० बाय १०८० असे दोन आकडे दिसतील. दुसरीत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट ठिपके असतात. इंग्रजी वाचताना हा फरक कदाचित जाणवणार नाही. मराठीत जाणवतो. 'क्ष', 'द्ध', 'ष्ट्य' अशी जोडाक्षरं, वर रफार, खाली उकार, हे सगळं बारीक अक्षरात कमी ठिपक्यांवर चिकटून दिसतं. शिवाय गुणतक्ता उघडला की विषयांचे सगळे रकाने एका नजरेत मावतात. फुल एचडी स्क्रीनच घ्या.

दुसरी गोष्ट पॅनलची. 'आयपीएस' असेल तर बाजूने बघितलं तरी चित्र तसंच दिसतं. 'टीएन' असेल तर बाजूने रंग फिके किंवा उलटे दिसतात. एकट्याने काम करणाऱ्याला याने फार बिघडत नाही, पण आपल्याकडे एका लॅपटॉपभोवती दहा मुलं बसलेली असतात. कडेला बसलेल्या मुलालाही पान हिरवंच दिसायला हवं. दुकानात उभं राहून स्क्रीन मागे-पुढे झुकवून, बाजूला सरकून बघा, दोन मिनिटांत कळतं. उजेडाचा आकडा 'निट्स' मध्ये असतो. स्वस्त लॅपटॉपना साधारण २५० निट्स असतात. घरात पुरतात, पण खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात कमी पडतात. ३०० मिळत असेल तर पाचशे-हजार जास्त द्यायला हरकत नाही.

कीबोर्डवर वर्डमध्ये एक परिच्छेद टाईप करून बघा. लाजू नका. मधोमध दाबल्यावर कीबोर्ड गादीसारखा खाली जात असेल तर तो लवकर कुरकुरणार. झाकण एका हाताने, एका कोपऱ्याला धरून उघडा. बिजागरीतून आवाज आला किंवा स्क्रीन पिळल्यासारखी वाटली तर दुसरं मॉडेल बघा. लॅपटॉप दुचाकीवरून, पाठीवरच्या बॅगेत, खड्ड्यांच्या रस्त्याने रोज शाळेत जाणार आहे, हे कंपनीच्या जाहिरातीत नसतं.

बॅटरी आणि जोडण्या

'दहा तास बॅटरी' हे वाक्य बाजूला ठेवा आणि वॅट-अवर हा आकडा शोधा. ४१ वॅट-अवरची बॅटरी असेल आणि साध्या कामाला लॅपटॉप दहा वॅट खात असेल, तर चार तास मिळतात. हिशोब चौथीच्या भागाकाराचाच आहे. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून व्हिडिओ चालवला की आणखी कमी. जिथे वीज दुपारभर जाते, त्या गावातल्या शिक्षकाने ५० च्या आसपासचा आकडा बघावा. टाईप-सी ने चार्ज होणारा असेल तर अडीअडचणीला दुसऱ्याचा चार्जर चालतो, पण तो पुरेशा वॅटचा हवा.

एचडीएमआय पोर्ट हवाच. शाळेला लोकवर्गणीतून मिळालेला प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते. तेव्हा एचडीएमआय ते व्हीजीए असा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल. त्यासाठी जुना लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

विंडोज, ऑफिस आणि मराठी टायपिंग

काही लॅपटॉप तीन-चार हजारांनी स्वस्त दिसतात, कारण त्यात विंडोज नसतं. 'डॉस' किंवा 'लिनक्स' लिहिलेलं असतं. लिनक्स वापरता येत असेल तर हा खरोखर चांगला सौदा आहे. येत नसेल तर दुकानदार "टाकून देतो सगळं" म्हणतो आणि चोरीचं विंडोज, चोरीचं ऑफिस टाकतो. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि आपले पगाराचे पासवर्ड ज्या यंत्रात आहेत, त्यात कुठून आलेलं ते माहीत नसलेलं सॉफ्टवेअर असू नये. विंडोज कंपनीकडून आलेलंच घ्या.

बऱ्याच लॅपटॉपवर 'विंडोज होम सिंगल लँग्वेज' असं लिहिलेलं असतं. त्यावरून काही शिक्षकांचा समज होतो की यात मराठी चालणार नाही. चालतं. एक भाषा म्हणजे मेनू आणि सूचनांची भाषा. टायपिंगसाठी सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायचा फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच आहे. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आणि कृपया, नव्या लॅपटॉपवर पुन्हा कृतिदेवची सवय लावून घेऊ नका. त्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर ऑनलाईन फॉर्ममध्ये किंवा दुसऱ्याच्या मोबाईलवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो. युनिकोडमध्ये लिहिलेली प्रश्नपत्रिका कुठेही तशीच दिसते.

ऑफिसबद्दल. काही लॅपटॉपबरोबर ऑफिस कायमचं मिळतं, काहींबरोबर फक्त काही महिने किंवा एक वर्षाची वर्गणी असते. बिलाआधी हे विचारा. ते सुरू करताना ज्या ईमेलने सुरू कराल त्या ईमेलला ते कायमचं जोडलं जातं. म्हणून आपलाच ईमेल टाका. दुकानातला मुलगा घाईत स्वतःचा किंवा दुकानाचा टाकून मोकळा होतो आणि वर्षभराने लॅपटॉप रिसेट केला की ऑफिस गायब. ऑफिस मिळत नसेल तरी अडत नाही. लिबरऑफिस मोफत आहे आणि गुणतक्ता, प्रश्नपत्रिका त्यात होतात.

जुना घ्यावा का?

पंधरा-वीस हजारच हातात असतील तर माझ्या मते नव्या सेलेरॉनपेक्षा चांगला जुना लॅपटॉप बरा. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. लेनोवो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक ही त्यातली नेहमीची नावं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत ते 'रिफर्बिश्ड' म्हणून विकले जातात. हे लॅपटॉप मुळात महागाचे असतात, कीबोर्ड आणि बिजागरी भक्कम असतात, आणि बहुतेकांत रॅम-एसएसडी बदलता येते.

पण इथे एक रेघ ओढावी लागते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. आय५-८२५०यू किंवा ८३५०यू चालेल, चार कोअरचे आहेत. सहाव्या-सातव्या पिढीचा आय७ कितीही चकचकीत करून ठेवला असला तरी नको. काही जण त्यावर विंडोज ११ जबरदस्तीने टाकून देतात. आज चालतं, पुढच्या मोठ्या अपडेटला चालेल याची खात्री नाही.

जुन्याची बॅटरी तपासायला विंडोजमध्ये 'बॅटरी रिपोर्ट' काढायची सोय आहे. दुकानदाराला तो काढून दाखवायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. ५० ची बॅटरी २५ वर आली असेल तर निम्मी संपली, तेवढी किंमत कमी करायला सांगा किंवा बॅटरी बदलून मागा. लॅपटॉप पूर्ण बंद करून परत चालू करा. सुरू होताना पासवर्ड मागत असेल, जो विंडोजचा नाही, तर तो जुन्या मालकाच्या कंपनीने घातलेला असू शकतो. असा लॅपटॉप घेऊ नका. बिलावर सिरियल नंबर आणि दुकानाची किती महिन्यांची हमी, दोन्ही लिहून घ्या. बिल द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

पैसे देताना

ऑनलाईन स्वस्त मिळतो हे बऱ्याचदा खरं आहे. पण किंमत बघताना तुमच्याकडे ते बँकेचं कार्ड आहे का, हे बघा. जाहिरातीतली किंमत पुष्कळदा त्या कार्डाची सवलत आणि जुन्या लॅपटॉपची अदलाबदल धरून असते. 'नो कॉस्ट' हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, तो शेवटच्या पानावर दिसतो. तालुक्याच्या दुकानात हजार-पाचशे जास्त गेले तरी डेमो बघता येतो आणि काही बिघडलं तर माणूस समोर असतो. मी स्वतः दुकानाच्या बाजूची आहे, पण दुकानदार पूर्ण मॉडेल नंबर सांगायला तयार असेल तरच.

कंपनी ठरवण्याआधी तिचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का ते शोधा. आणि वॉरंटी 'ऑनसाईट' आहे का 'कॅरी-इन' तेही विचारा. ऑनसाईट म्हणजे तंत्रज्ञ घरी येतो, कॅरी-इन म्हणजे तुम्ही घेऊन जायचं. तुम्ही राहता तिथून सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटर असेल, तर रजा टाकून एसटीने दोन फेऱ्या माराव्या लागतील. हा खर्च किमतीत धरा. स्क्रीन फुटणं, पाणी सांडणं हे साध्या वॉरंटीत येत नाही. लहान मुलांच्या वर्गात लॅपटॉप जाणार असेल तर अपघाती नुकसानीचं जादा कव्हर घ्यायला हरकत नाही, पण ते कंपनीचं असावं.

खोकं दुकानातच, आपल्यासमोर उघडायला सांगा. ऑनलाईन मागवला असेल तर सील तोडण्यापासून लॅपटॉप सुरू होईपर्यंत मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळतो का बघा. तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दिसतं. तारीख चुकीची दिसली तर त्याच दिवशी बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. टास्क मॅनेजर पुन्हा एकदा उघडून प्रोसेसर, रॅम आणि डिस्क आपण कागदावर लिहिलं होतं तेच आहे का, हे पडताळा. वेगळं निघालं आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. पहिला आठवडा लॅपटॉप जमेल तेवढा राबवा, प्रोजेक्टरला जोडा, प्रिंटरला जोडा, तासभर मीटिंग करा. दोष असेल तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीतच दिसलेला बरा. ही मुदत काही ठिकाणी सात दिवसांची असते, काही ठिकाणी त्याहून कमी, आणि काही विक्रेते बदलून देतच नाहीत, फक्त दुरुस्ती करतात. म्हणून हा प्रश्न पैसे देण्याआधीच विचारा आणि उत्तर बिलाच्या मागे लिहून घ्या.